सायकल राहिली पुण्यात, सीट आली आइंडहोवनला

मुंबई विमानतळावर सिक्युरिटीच्या पट्ट्यावरून माझी सॅक आत गेली आणि तिथेच थांबली. मागे आली, परत पुढे गेली, मग एका जवानाने बोटाने मला बाजूला बोलावलं. वरच्या दशम्यांचा डबा, चार्जर, पोरीचं चित्रकलेचं पुस्तक हे सगळं काढून त्याने तळाचं टॉवेलात गुंडाळलेलं गाठोडं बाहेर काढलं, उलगडलं, आणि आतली ती चामड्याची, रिव्हेट मारलेली, आठ-नऊ वर्षांच्या घामाने काळपट पडलेली वस्तू दोन्ही हातात धरून विचारलं, "ये क्या है? घोडे का है?"

म्हणलं सायकल का है सर, सीट है. "और सायकल किधर है?" म्हणलं पूना में. त्याने बायकोकडे बघितलं, बायकोने छताकडे. जाऊ दिलं शेवटी.

आता हे असं का झालं ते सांगतो, कारण त्याआधीचे तीन महिने मी ह्या एकाच विषयावर एवढा वेळ घालवला होता की तेवढ्यात डच भाषा बऱ्यापैकी आली असती.

२०२३ च्या डिसेंबरात ऑफर आली, जॉइनिंग मार्चमध्ये, गाव हॉलंडमधलं आइंडहोवन. घरात याद्या सुरू झाल्या, कुकर कितीचा न्यायचा, पोळपाट तिकडे मिळतो का, आणि माझ्या यादीत एकच ओळ, सायकल. ट्रेक कंपनीची हायब्रिड, २०१४ साली घेतलेली, तेव्हा चाळीस हजाराच्या आसपास गेले होते आणि "ह्यात स्कूटर आली असती" हे आईने पुढे तीन वर्षं ऐकवलं. ह्या सायकलवर मी २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइड, केल्या (२०० ला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस), ४०० ची सुरू केली आणि रात्री अडीचला एका ढाब्यावर सोडली, सिंहगड किती वेळा चढलो ते मोजलेलं नाही. बाबा गेले त्या वर्षी रोज पहाटे उठून बोपदेव घाट चढून यायचो, दिवसातलं तेवढं एकच काम धड व्हायचं. तर अशी सायकल.

सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, अरे हॉलंडला सायकल घेऊन चाललास? कोकणात नारळ नेशील का? आणि बरोबरच होतं ते, तिथे लोक पावणेदोन कोटींच्या आसपास आणि सायकली दोन कोटींच्या वर. पण मला "सायकल" नको होती, मला "माझी सायकल" हवी होती, आणि हे समोरच्याला समजावून सांगायला गेलं की आपणच येडे वाटायला लागतो.

मग भाव काढायला लागलो. सायकलच्या दुकानातून नव्या सायकलचा रिकामा खोका आणला (हे खोके फुकट मिळतात, फक्त आधी सांगून ठेवावं लागतं नाहीतर रद्दीत जातात), टेप लावली, १४० बाय ८० बाय २२ सेंटिमीटर. सायकल खोक्यासकट १८ किलो भरत होती त्यामुळे मी खूश, १८ किलोचे काय असे लागणार. कुरियरवाल्याने फोनवर मापं विचारली आणि म्हणाला ४९ किलो. म्हणलं अहो १८. तर तो म्हणे व्हॉल्युमेट्रिक. म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००, जे येईल ते वजन, खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर तेच धरायचं. विमानात जागा विकतात, वजन नाही. आणि सायकलच्या खोक्यात निम्मी तर हवाच असते, त्रिकोणाच्या आतली हवा, चाकांच्या आऱ्यांमधली हवा, थोडक्यात मी पुण्याची हवा किलोच्या भावाने हॉलंडला पाठवणार होतो. चौतीस हजार सांगितले. एअर कार्गोवाले ५००० ऐवजी ६००० ने भागतात, तिथे ४१ किलो आले, रेट कमी, पण तो माल स्किपॉलपर्यंत, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळापर्यंत, पुढे सोडवून घेणं आपलं आपण.

समुद्रमार्गे स्वस्त पडेल म्हणून एका फॉरवर्डरला, म्हणजे माल पाठवून देणाऱ्या एजंटला गाठलं. न्हावाशेवा ते रॉटरडॅम, दुसऱ्यांच्या सामानाबरोबर कंटेनरमध्ये. माझा खोका पाव घनमीटर पण बिल कमीत कमी एक घनमीटरचं, तरी फ्रेट आठ-नऊ हजारच, मी तर उडीच मारली. मग म्हणाला की हे इकडचे, तिकडचे वेगळे, तिकडचे म्हणजे उतरवणावळ, गोदाम, कागदपत्रं, डिलिव्हरी, ते अडीचशे-तीनशे युरोच्या घरात जातील, आणि तो आकडा तिकडचा एजंट तेव्हाच सांगणार. शिवाय तेव्हा लाल समुद्रात जहाजांवर हल्ले चालू झाले होते त्यामुळे बोटी सुएझ सोडून आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जात होत्या, दहा-पंधरा दिवस सरळ जास्त. माझी सायकल केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणार ही कल्पना मला एवढी आवडली की दोन दिवस मी खरंच तेच ठरवलं होतं. बायकोने विचारलं, सायकलला आवडणारे की तुला?

राहिलं विमान. आपल्याबरोबर, चेक-इनमध्ये. हा मार्ग खरं तर सगळ्यात स्वस्त, बऱ्याच एअरलाईन २३ किलोपर्यंत सायकल स्पोर्ट्सचं सामान म्हणून घेतात, आधी फोन करून बुक करावी लागते. एकटा असतो तर हेच केलं असतं. पण आम्ही तिघं, सहा मोठ्या बॅगा, पोरगी साडेपाच वर्षांची, पुण्याहून मुंबईला न्यायला खोक्यापायी आणखी एक गाडी, मग स्किपॉलहून आइंडहोवन ट्रेनने दीड तास, आणि पुढे कंपनीने दिलेलं सहा आठवड्यांचं तात्पुरतं घर तिसऱ्या मजल्यावर, त्या जिन्यात खोका वळणारच नाही. एक मित्र असाच सायकल घेऊन गेला होता म्युनिकला, त्याला विचारलं तर म्हणाला पोचली छान, फक्त हँगर वाकला होता. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, ज्या तुकड्यावर लटकतो तो. तुकडा बोटाएवढा, पण प्रत्येक मॉडेलचा वेगळा, त्याच्या दहा वर्षं जुन्या मॉडेलचा मिळायला पाच आठवडे लागले. पाठवायचीच असेल तर एक सुटा हँगर आधीच घेऊन ठेवा आणि डिरेलर काढून बबल रॅपमध्ये गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा, हा त्याचा सल्ला, आणि तो मला अजूनही लाखमोलाचा वाटतो.

कस्टमचं पण बघितलं. बाहेरून युरोपात राहायला जाताना आपलं वापरातलं सामान ड्युटीशिवाय नेता येतं, पण अटी आहेत, आधी किमान बारा महिने युरोपियन युनियनच्या बाहेर राहिलेलं पाहिजे, वस्तू सहा महिने तरी तुमच्याकडे वापरात पाहिजे, राहायला गेल्यापासून वर्षाच्या आत आणायची आणि आणल्यावर वर्षभर विकायची नाही. माझं सगळं बसत होतं. फक्त सामान मागाहून येणार असेल तर डच कस्टमकडून त्याची परवानगी आधी काढावी लागते, ती नसेल तर सायकलला १४ टक्के ड्युटी आणि वर २१ टक्के व्हॅट. म्हणजे कुरियरने टाकली आणि कागद अडकला तर स्वतःच्याच जुन्या सायकलवर मी टॅक्स भरणार. आणि जुन्या सायकलची किंमत तरी काय, पुण्यात विकायला काढली असती तर बारा-तेरा हजार आले असते फार तर.

गणित तर सरळ होतं. पण गणिताने प्रश्न सुटत नव्हता.

सुटला तो आमच्या मेकॅनिककडे. खोक्यात भरायला सायकल खोलून दे म्हणून त्याच्याकडे नेली, तो सिंगल बॉडी माणूस, दुकान आठ बाय आठचं, बोलायला लागला की थांबत नाही. म्हणाला चेन आपण चार वेळा बदलली, कॅसेट दोनदा, मागचं चाक मीच नव्याने विणलंय, हँडल तुम्ही पडला होतात तेव्हा गेलं, ब्रेक बदलले, मग कंपनीचं यात राहिलं काय साहेब? फ्रेम अन् फोर्क. मी म्हणलं आणि सॅडल? तो म्हणाला सॅडल कुठं कंपनीची आहे, ती तर तुम्ही नंतर टाकली ना.

खरं होतं. सॅडल म्हणजे ती चामड्याची सीट, ब्रुक्स कंपनीची, बी१७ मॉडेल, २०१५ मध्ये एका ओळखीच्याने इंग्लंडहून आणून दिली होती. जाड चामडं ताणून बसवलेलं असतं, आत फोम-बिम काही नाही, पहिले हजारभर किलोमीटर लाकडी पाटावर बसल्यासारखं वाटतं आणि मग हळूहळू ते बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे खचतं. माझ्या सॅडलला दोन खळगे आहेत, डावा किंचित जास्त खोल, कारण मी थोडा डावीकडे बसतो, हे मला त्या खळग्यामुळेच कळलं. दुसरं कोणी बसलं की दहा मिनिटात उतरतं. तिथे दुकानात उभ्या उभ्या डोक्यात आलं की जे मला कुठेच विकत मिळणार नाही ते एवढंच आहे. आणि ते अर्ध्या किलोचं आहे.

मग खोका रद्दीत दिला आणि दुसरंच काम काढलं. मापं घेतली. खाली क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मधोमधून सॅडलच्या वरपर्यंत ६७ सेंटिमीटर. सॅडलच्या नाकापासून हँडलच्या मध्यापर्यंत ५२. सॅडलपेक्षा हँडल किती खाली, दोन बोटं. ओळंबा सोडून नाक क्रँकच्या किती मागे तेही. हे सगळं एका जुन्या बीआरएम कार्डाच्या मागे पेनने लिहिलं. सॅडलच्या खालचे दांडे सगळीकडे सारख्याच जाडीचे असतात, पॅडलचे आटे पण, त्यामुळे ह्या दोन गोष्टी जगात कुठल्याही बऱ्या सायकलला बसतात, बाकी सुट्या भागांचं तसं नसतं. म्हणून पॅडल पण न्यायचे ठरवले. उजवं लगेच सुटलं. डावं काही केल्या हलेना. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, सोडवायला पाना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, हे मला माहीत होतं आणि तरी मी दहा मिनिटं ते आवळतच होतो. मग रात्रभर तेल सोडून ठेवलं, सकाळी पान्यावर पाय देऊन उभा राहिलो तेव्हा कडाक आवाज करून सुटलं आणि माझी नडगी चेनरिंगच्या दात्यांवर. त्याचे तीन ठिपके अजून आहेत.

सॅडल आणि पॅडल काढलेली सायकल भिंतीला टेकवून ठेवली तर ती अचानक कोणाचीही वाटायला लागली. ताईचा मुलगा कॉलेजला होता, त्याची उंची साधारण माझ्याएवढीच, त्याला दिली. त्याने दोन दिवसात वर एक जेलची गुबगुबीत सीट चढवली, मी काही बोललो नाही.

आता इकडचं. पहिले दोन महिने भाड्याची सायकल घेतली, ती निळ्या पुढच्या टायरवाली, महिन्याला वीस-पंचवीस युरो, बिघडली तर कंपनी बदलून देते. नवीन आलेल्या कोणालाही मी हेच सांगतो, आल्या आल्या सायकल विकत घेऊ नका, आधी भाड्याने घ्या आणि आपल्याला रोज किती अंतर, कुठे पार्किंग, घरात ठेवायला जागा आहे का ते बघा. ह्या सायकलला मागचा ब्रेक पॅडलमध्ये, म्हणजे उलटं पॅडल मारलं की ब्रेक लागतो. ऐकायला सोपं. पण आपल्याला सिग्नलला थांबलं की पॅडल मागे फिरवून वर आणून ठेवायची सवय असते, सुटताना जोर मिळावा म्हणून. इथे पॅडल मागे जातच नाही. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक सिग्नलला पॅडल खाली अडकलेलं घेऊन केविलवाणा उभा असायचो आणि मागून पोरांना पुढे-मागे बसवलेल्या बायका घंटी वाजवत पुढे जायच्या.

मग जुन्या सायकली बघायला लागलो मार्क्टप्लाट्सवर, ही इकडची जुन्या वस्तूंची साइट. आणि इथे मला माझी खरी अडचण कळली, ती म्हणजे मी १६७ सेंटिमीटर आहे. पुण्यात ही अगदी बरी उंची आहे. इथले पुरुष सरासरी १८० च्या वर, त्यामुळे चांगल्या टूरिंग सायकली सगळ्या ५७, ६०, ६३ च्या फ्रेमच्या, मला त्यावर चढायला स्टूल लागेल. ५० ची फ्रेम शोधली की लेडीज सायकली येतात किंवा शाळेतल्या मुलांच्या. एका माणसाने फोनवर उंची विचारली आणि अगदी प्रेमाने म्हणाला, माझ्या मुलाची आहे, तो आता तेरा वर्षांचा झाला, त्याला लहान होते, येऊन बघ.

एक अगदी मापाची मिळाली होती, नव्यासारखी, फक्त ९० युरो. बघायला गेलो तर माणूस घराचा पत्ता न देता स्टेशनच्या मागे भेटला, मागच्या चाकाच्या गोल कुलपाची किल्ली नव्हती म्हणे हरवली, आणि फ्रेम नंबर असतो तिथे ताजं खरवडलेलं. इथे पोलिसांची साइट आहे, नंबर टाकला की चोरीची नोंद आहे का कळतं, पण नंबरच नाही तर टाकणार काय. आणि चोरीची सायकल जाणूनबुजून घेणं हा घेणाऱ्याचा पण गुन्हा. परत आलो. किल्ली नसेल तर सायकल बघू पण नये, मूळ किल्ल्या दोन असतात, दोन्ही मागाव्यात.

शेवटी सायकल मिळाली एका आजींकडे, नुनेनला. नुनेन म्हणजे आइंडहोवनच्या शेजारचं गाव, व्हॅन गॉग इथे राहायचा, त्याच्या नावाचा रात्री चमकणारा सायकल रस्ता पण आहे. झालंय असं की इकडचे सत्तरीचे लोक आता ई-बाईकवर जातायत आणि त्यांच्या आयुष्यभर तेलपाणी करून ठेवलेल्या टूरिंग सायकली विकायला निघतात. आणि सत्तरीच्या डच आजीची उंची आणि माझी उंची एकच! कोगा कंपनीची सायकल, फ्रेम ५०, डायनामोचा दिवा, मडगार्ड, कॅरियर, चेनला कव्हर, ४२५ युरो. आजींनी एक फाईल आणली त्यात प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल. मी चक्कर मारायच्या आधी सॅकमधून सॅडल काढली आणि बसवून बघू का विचारलं. त्यांनी ती हातात घेतली, अंगठा दोन्ही खळग्यांवरून फिरवला आणि म्हणाल्या, यू सिट क्रूकेड. मी म्हणलं हो.

त्यांच्या अंगणातच कार्ड काढून मापं लावली, ६७ बरोबर आले, ५२ च्या जागी ५४ होते, नंतर छोटा स्टेम (हँडल धरणारा तुकडा) टाकून ५२ केले. पॅडल पण बदलले. जुनी सीट त्यांनी ठेवून घेतली.

पैशाचं म्हणाल तर वाचले वगैरे काही नाहीत. तेव्हा युरो नव्वदच्या आसपास, म्हणजे अडतीस हजार, वर दोन ताऱ्यांच्या मानांकनाचं जाड कुलूप (इन्शुरन्सवाल्यांना तेच लागतं), म्हणजे कुरियरने पाठवली असती तर थोडी स्वस्तच पडली असती. पण ट्रेकला मडगार्ड नाही, दिवे नाहीत, लाल रिफ्लेक्टर, चाकांवर पांढरी किंवा पिवळी चमकणारी पट्टी हे इथे कायद्याने लागतं ते नाही, आणि नोव्हेंबरात इथे चार महिने जो बारीक पाऊस सुरू होतो त्यात मडगार्डशिवाय पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन ऑफिसला जावं लागलं असतं. हे सगळं बसवत बसवत तिची कोगाच झाली असती, जरा वाईट कोगा.

शिवाय ती मी स्टेशनवर लावलीच नसती. स्टेशनसाठी इथे सगळे एक वेगळं खटारं ठेवतात, मी पण १४० युरोचं घेतलं, आजीछाप, काळं, पुढे दुधाचा क्रेट बांधलेलं. ऑक्टोबरात ते चोरीला गेलं. एकच कुलूप लावलं होतं, ट्रेन सुटत होती म्हणून साखळी खांबाला घातली नाही, संध्याकाळी आलो तर जागा रिकामी. पोलिसात ऑनलाइन तक्रार केली, वाईट वाटलं, पण रात्री जेवण नेहमीसारखं गेलं. ट्रेक गेली असती तर काय झालं असतं त्याचा विचार मी केला नाही, म्हणजे केला, थोडा वेळ.

कोगाचं कौतुक केलं तरी एक सांगायलाच पाहिजे, ती तशी नाही. बसलं की तीच जागा, पाय त्याच ठिकाणी पडतात, डोळे मिटले तर फरक कळणार नाही असं मला वाटलं होतं, पण कळतो. ती जड आहे, अठरा किलो, वळताना सावकाश वळते, म्हशीसारखी. सपाट रस्त्यावर समोरून वारं आलं की उलट तिचंच बरं वाटतं. होव्हनरिंगवरून जाताना, म्हणजे तो एका उंच खांबाला तारांनी टांगलेला गोल पूल, २०१२ चा, खाली गाड्या आणि वर फक्त सायकली, तिथे छान चालते. पण चढ नाही. इथला सगळ्यात उंच डोंगर पार दक्षिणेच्या टोकाला, ३२२ मीटर, सिंहगडचे लोक त्याला डोंगर म्हणणार नाहीत. सिंहगडवरून उतरताना त्या सायकलचा मागचा ब्रेक कुठल्या वळणाला किती दाबायचा हे माझ्या बोटांना माहीत होतं, ते मापाच्या कार्डावर लिहून आणता आलं नाही.

कोणी विचारलं तर मी काय सांगतो, तर एकटे असाल, थेट विमान असेल, आणि फ्रेम खास स्वतःच्या मापाची करून घेतलेली असेल तर बिनधास्त बरोबर न्या. मागाहून पाठवू नका. आणि उंची पावणेसहा फुटांच्या आत असेल तर तिकडे आजी शोधा.

मागच्या रविवारी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. मामा, सायकल आवाज करतीये, चढाला कट कट. म्हणलं सीटवरून उठून मारल्यावर येतो का? येतो म्हणाला. म्हणलं पॅडल मारणं थांबवलं की बंद होतो? हो. फोन क्रँकपाशी धर आणि हाताने फिरव. त्याने फोन खाली नेला, पार्किंगची फरशी, आईची चप्पल, मग काळोख, आणि त्यातून तो आवाज आला, डावं पॅडल खाली गेलं की एकदा, कट.

"डावं पॅडल ढिलं आहे," मी म्हणलं. "पाना घे पंधराचा. आणि हे बघ, डाव्याचे आटे उलटे असतात."

"म्हणजे कसे?"

"म्हणजे आवळायला उलटं फिरवायचं. नडगी सांभाळ."